या वर्षी काय बंद

दादाला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षी आमच्या घरात साबण विकत आणणं बंद झालं. कोणी एखादी जुनी गोष्ट विचारली की मी अजूनही तिथूनच मोजतो. साबणाच्या आधीची की नंतरची.

घरात तेव्हा आम्ही चार मोठी माणसं होतो. आई, माझा थोरला भाऊ म्हणजे दादा, वहिनी आणि मी. दोन खोल्या, वर एक माळा, मागे जेमतेम अंगण आणि अंगणात नळ. दादा आणि मी बटणांच्या कारखान्यात होतो. दादा बटणांना भोकं पाडायचा, मी बटणं निवडायचो. सगळी गल्लीच त्या कारखान्यात होती. संध्याकाळी घरी आलं की कानांतून, भुवयांतून, खिशांच्या शिवणीतून पांढरी पूड निघायची. आई म्हणायची, "आले बघा दोघं म्हातारे."

जुळ्यांचे कपडे धुता धुता साबण संपायला लागला. वहिनी एक दिवस म्हणाल्या, "साबण आपण घरी करू."

दादा म्हणाला, "दुकानात मिळतो की."

"दुकानात मिळतो म्हणूनच. न मिळण्याच्या आधी शिकून घेऊ."

वहिनींच्या डोक्यात हे कुठून आलं होतं ते आम्हाला ठाऊक होतं. त्यांच्या लहानपणी त्यांचे वडील एका गिरणीत एकच यंत्र चालवायचे. गिरणी बंद पडली. वडील घरी येऊन बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून तसेच बसून राहिले. वहिनी सांगायच्या, "बाबा आळशी नव्हते हो. त्यांना एकच काम येत होतं, आणि ते काम मालकाचं होतं. मालकाने कुलूप लावलं तेव्हा बाबांचं काम आतच राहिलं." पुढे वडील एका मुकादमाबरोबर समुद्रापलीकडे मजुरीला गेले. पहिल्या वर्षी दोन पत्रं आली, मग काहीच आलं नाही. ते जिवंत आहेत की नाहीत हे वहिनींच्या आईला मरेपर्यंत कळलं नाही.

तर साबण. पहिला घाणा असा जमला की दादाच्या कोपरांची सालं निघाली. कॉस्टिक सोडा जास्त पडला होता. दुसरा घाणा घट्टच होईना, तो आम्ही डावाने वाढून घ्यायचो. तिसरा मात्र चांगला झाला. करड्या रंगाच्या वड्या, वास फारसा नाही, पण मळ निघायचा. वहिनींनी तेवढ्यावर थांबायचं नाव घेतलं नाही. त्यांनी दादाला शेजारी बसवून पुन्हा सगळं करायला लावलं.

"मला कशाला? तुला येतंय ना?"

"मी आजारी पडले तर तुम्ही काय मुलींना माझ्या नावाने आंघोळ घालणार? प्रत्येक काम घरात दोघांना आलं पाहिजे."

हा त्यांचा नियम. दरवर्षी एक गोष्ट विकत घेणं बंद, आणि ती करणारी माणसं दोन. जुळ्यांच्या वाढदिवशी जेवणं झाली की दादा भिंतीला टेकून बसायचा आणि विचारायचा, "मग? या वर्षी काय बंद?" आम्ही सगळे वहिनींच्या तोंडाकडे बघायचो. आई तर मुद्दाम पदर तोंडाला लावून बसायची, हसू दिसू नये म्हणून.

एका वर्षी सलून बंद झालं. दादाने माझे केस कापले. मी कारखान्यात गेलो तर फोरमन म्हणाला, "कुठल्या बकरीने चरलं रे?" पण वर्षभरात दादाचा हात बसला. एका वर्षी गाद्या पिंजून भरायला शिकलो. एका वर्षी खुर्च्यांची वेताची बैठक विणायला. एका वर्षी पत्रं दुसऱ्याकडून वाचून घेणं बंद झालं. ती पाळी माझ्यावर आली. घरात वाचता येत होतं ते फक्त वहिनींना, आणि नियम दोघांचा. मी चांगला बाप्या माणूस, जुळ्यांच्या शेजारी पाटी घेऊन बसायचो. त्या माझ्या पुढे गेल्या, पण मीही पोचलो.

सगळ्यात गंमत जोड्यांच्या वर्षी झाली. वहिनी म्हणाल्या, "जोड्यांना बाहेरून तळ घालून घेणं बंद. कोण शिकतंय?" आम्ही दोघं भाऊ खाली बघत राहिलो. तेवढ्यात आई म्हणाली, "मी."

"आई, तू? या वयात?"

"वय जोड्याला दिसतं का?"

आणि ती शिकली. आरीने चामडं टोचायला, मेणाचा दोरा दोन्ही बाजूंनी ओढायला, खिळे ओठांत धरून एकेक काढून ठोकायला. दादा म्हणायचा, "वहिनीची ही बंदी सगळ्यात चांगली. आईच्या तोंडात खिळे असतात तेवढा वेळ घरात शांतता." दादा बायकोला आमच्यासमोर थट्टेने वहिनीच म्हणायचा. आई खिळे न काढता त्याच्याकडे हातोडी उगारायची. तिच्या कामात एकच खोट होती. दुसऱ्याला शिकवायला ती तयार नव्हती. "मी मेल्यावर शिका," म्हणायची. वहिनींचा नियम तेवढ्या एका ठिकाणी मोडला होता, आणि सासूपुढे त्यांचं काही चालत नव्हतं.

गल्लीने आमच्या घराला नाव ठेवलं होतं, बेट. आम्ही दुकानावरून नुसते पुढे गेलो की कोणीतरी म्हणायचं, "बेटावरची मंडळी निघाली." वहिनी बेटाच्या राणीसाहेब. कोपऱ्यावर सलून होतं, त्याचा मालक जरा तिखट माणूस. तो मला बघितलं की कात्री हवेत वाजवायचा आणि म्हणायचा, "काय, यंदाचं पीक कोणी कापलं?" मी हसून पुढे जायचो. थट्टेच्या खाली काही असेल असं मनात आलं नाही. आमच्यापैकी कोणाच्याच आलं नाही.

जुळ्या शाळेत चांगल्या रुळल्या होत्या तेव्हा कारखाना बंद पडला. एका सकाळी भोंगा वाजला नाही. गेलो तर फाटकाला कुलूप आणि आत पहारेकरी. कोणी म्हणालं, आता लोक चेन लावतात, बटणं कोणाला हवीत. कोणी म्हणालं, मालकाने दुसरीकडे यंत्रं नेली. कारण काहीही असो, दुपारपर्यंत सगळी गल्ली ओट्यांवर येऊन बसली होती.

खरं सांगायचं तर त्या दिवशी आमच्या घरात थोडी ऐट होती. शेजारी रडारड चालली होती आणि आमच्याकडे वहिनी शांतपणे साबणाच्या वड्या कापत होत्या. म्हणाल्या, "याच्यासाठीच तर शिकलो. आता हे हात बाहेर काढू. गल्लीचे जोडे, गल्लीच्या गाद्या, गल्लीचा साबण."

अंगणाच्या दाराला आम्ही पाटी लावली. अक्षरं माझीच. आईने आऱ्या परजल्या. दादाने कात्रीला धार लावली. आणि आम्ही वाट बघत बसलो.

कोणी आलं नाही.

पहिले काही दिवस वहिनी म्हणाल्या, लोक अजून धक्क्यात आहेत. मग म्हणाल्या, लोकांच्या हातात पैसा नाही. तेही खोटं नव्हतं. पण जोडेवाल्याकडे माणसं जात होती, सलूनमध्ये जात होती, उधारीवर का होईना. आमच्या दाराशी फक्त मांजर यायचं.

इकडे घरातलं पीठ खाली खाली जात होतं. साबण घरी होतो, पीठ होत नाही. रॉकेल होत नाही. घरभाडं तर अंगणात उगवत नाही. त्याच सुमारास मुकादमाची खबर आली. महिनाअखेरीला तो चौकात टेबल टाकून बसणार होता. समुद्रापलीकडे धरणाचं काम, तीन वर्षांचा करार, अंगठा दिला की घरच्यांना उचल. गल्लीतल्या बऱ्याच जणांनी मनाशी ठरवलं होतं. एका संध्याकाळी दादा म्हणाला, "मीही जातो."

वहिनी जुळ्यांच्या वेण्या घालत होत्या. त्यांचा हात थांबला. "नाही."

"नाही म्हणून पीठ येणार आहे का?"

"माझे बाबा असेच गेले."

"मी परत येईन."

"तेही हेच म्हणाले होते. याच शब्दांत."

आई म्हणाली, "महिनाअखेर अजून लांब आहे. आत्तापासून भांडून काय मिळतंय?" पण त्या रात्रीपासून घरात सगळ्यांना एकच गोष्ट दिसत होती. मुकादम यायच्या आत काहीतरी उभं राहिलं पाहिजे, नाहीतर दादा जाणार.

दुसऱ्या दिवशी वहिनी उठल्या आणि सरळ सलूनमध्ये गेल्या. मला बरोबर घेतलं. सलूनवाला एकाच्या गालाला फेस लावत होता. वहिनी दारातच उभ्या राहिल्या.

"आमच्याकडे कोणी येऊ नये असं तुम्ही लोकांना सांगितलंत का?"

तो ब्रश तसाच धरून म्हणाला, "मी कशाला सांगू? लोकांना डोळे नाहीत का?"

"आमचं काम वाईट आहे का?"

"काम चांगलं आहे. तुमच्या सासूबाईंचे टाके मी बघितलेत, जोडेवाल्यालासुद्धा तसे येत नाहीत." त्याने ब्रश खाली ठेवला. "वहिनी, रागावू नका, पण एक विचारतो. इतकी वर्षं तुमच्या घरातलं कोणी या खुर्चीत बसलं का? जोडेवाल्याकडे एक टाच तरी गेली? त्याची बायको आजारी होती तेव्हा तो दोन महिने एकेका गिऱ्हाइकाची वाट बघत होता. तुम्ही त्याच्या समोरून गेलात, घरी तळ घातलेले जोडे घालून. आणि आता तुमच्यावर आली तर आमचीच चार गिऱ्हाइकं ओढायला पाटी लावता?"

त्याने ब्रश पुन्हा उचलला.

"तुम्ही सगळं शिकलात. गिऱ्हाईक व्हायला तेवढं शिकला नाहीत."

खुर्चीतला माणूस फेस लावलेल्या तोंडाने खाली बघत बसला होता. मला वाटलं वहिनी आता याला फाडून खातील. तशा त्या कोणाचं ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. पण त्या वळल्या आणि घरी आल्या. स्वयंपाकघरात उंबऱ्याशी बसल्या. आईने विचारलं, "काय म्हणाला?" वहिनी म्हणाल्या, "खरं तेच म्हणाला."

मी आयुष्यात शहाणी माणसं बरीच पाहिली. पण आपण अभिमानाने केलेल्या गोष्टीत चूक होती हे एका दुपारीत कबूल करून दुसऱ्या सकाळी ती उलटी करायला घेणारं माणूस मी एकच पाहिलं.

सकाळी वहिनींनी सगळ्यांना बसवलं. वाढदिवस नव्हता, तरी म्हणाल्या, "या वर्षी एक बंद. घरात केस कापणं बंद."

दादाला वाटलं चेष्टा आहे. "आणि कापायचे कुठे?"

"सलूनमध्ये."

"पैसे?"

"त्याची खुर्ची बघितलीत? वेताची बैठक फाटून खाली लोंबतेय, वर पोतं टाकलंय त्याने. तुम्ही विणून द्या. तो केस कापून देईल. तुम्हा दोघा भावांचे, वर्षभर."

"तो तयार होईल?"

"तो बसलाय वाट बघत. तोंड तेवढं तिखट आहे."

सलूनवाला लगेच पाघळला असं नाही. दादा खुर्ची विणत होता तोवर तो बाजूला उभा राहून प्रत्येक वेताकडे संशयाने बघत होता. म्हणाला, "राणीसाहेबांनी बेट विकायला काढलं वाटतं." दादा म्हणाला, "विकायला नाही. पूल बांधायला काढलंय, तुम्ही जरा ते टोक धरा." त्याने टोक धरलं. खुर्ची झाली. मग त्याने माझे केस कापले आणि शेवटी आरसा मागे धरून म्हणाला, "बघा, माणसासारखे दिसता की."

पुढच्या दिवशी वहिनी आईला घेऊन जोडेवाल्याकडे गेल्या. आईची इच्छा नव्हती. पण वहिनी म्हणाल्या, "आई, घरातल्या जोड्यांचं काम आता त्यांच्याकडे द्यायचं." आईचा चेहरा असा झाला, जसं कोणी तिच्या हातातलं ताट काढून घेतलंय. तिने जोडेवाल्याला चार वेळा सांगितलं की टाच नीट ठोक, मी बघणार आहे. तो म्हणाला, "मावशी, बसा, तुम्हीच बघा." आणि ती बसली. दोघं दुपारभर चामड्यावर बोलत होती. घरी आली ती खुशीत. त्याच्याकडचे उरलेले जाड चामड्याचे तुकडे तिने मागून आणले होते. "त्याला काय उपयोग," म्हणाली. कशाला आणले ते तिलाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

हळूहळू गल्लीचे हात एकमेकांत गुंतायला लागले. आम्ही गाद्या भरून द्यायचो, कोणी भाजी द्यायचं. वहिनी अंगणात बायकांना साबण शिकवायच्या. एकीने विचारलं, "सगळ्यांना शिकवलंत तर तुमचा साबण कोण घेणार?" वहिनी म्हणाल्या, "तुम्ही साबण करा. मी आता तुमच्याकडून घेईन." आणि खरंच घ्यायला लागल्या. दादाला हे बघून चक्कर यायची बाकी होती. म्हणाला, "या बाईने माझ्या कोपरांची सालं काढली ती कशासाठी?"

पण पीठ अजून येत नव्हतं, आणि भाड्याला रोख लागायची. मुकादमाचा दिवस जवळ आला होता. दादा कोट झटकून खुंटीला लावून ठेवत होता.

मग पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटला. इंजिनावरून जात्यापर्यंत जाणारा चामड्याचा रुंद पट्टा. गिरणीवाला हवालदिल. नवीन पट्टा शहरातून यायला दिवस लागणार आणि तोवर गिरणी बंद, म्हणजे सगळ्यांच्याच चुली बंद. बायका डबे घेऊन नुसत्या उभ्या. आई गर्दीत होती. ती पुढे गेली आणि म्हणाली, "दाखव तुटलेला."

गिरणीवाला म्हणाला, "मावशी, हा जोडा नाही."

"चामडंच आहे ना? मग."

तिने दोन्ही टोकं हातात घेऊन बघितली. कडा पातळ करायच्या, एकावर एक चढवायच्या आणि जोडेवाल्याकडच्या त्या जाड तुकड्यांतून कापलेल्या ओल्या वादीने शिवायच्या, हे तिला लगेच सुचलं. वादी सुकली की आपोआप घट्ट बसते. ती आरीने भोकं पाडायला लागली, सरळ ओळीत, टाचेला पाडतात तशी. मी घरी धावलो होतो तिचं सामान आणायला, माझ्या मागोमाग दादा आला. त्याने एक नजर टाकली आणि म्हणाला, "आई, थांब. एका ओळीत पाडू नकोस."

"मला शिकवू नकोस."

"ऐक ना. एका ओळीत भोकं पडली की ताण त्या ओळीवर येतो. टपालाच्या तिकिटासारखा फाटेल. बटणाला दोन भोकं किती अंतरावर पाडायची, कड किती सोडायची, हेच तर मी जन्मभर केलंय. दोन ओळी कर, एकीतलं भोक दुसरीच्या दोन भोकांच्या मध्ये येऊ दे."

आईने आरी थांबवली. पट्टा बघितला, मुलाला बघितला. मग आरी त्याच्या हातात दिली. "मग पाड तूच. मी शिवते."

दोघं गिरणीच्या फरशीवर पट्टा पसरून बसली. दादा मोजून भोकं पाडत होता, आई वादी ओढत होती आणि प्रत्येक टाक्याला त्याला ओरडत होती. "ओढ. जेवला नाहीस का? ओढ." संध्याकाळी गिरणी सुरू झाली. पट्टा एकदा थरथरला, मग सरळ फिरायला लागला. गिरणीवाला बराच वेळ त्या शिवणीवर डोळे लावून उभा होता. रात्री आमच्या घरी पिठाचं पोतं आलं, आणि त्याच्या पोऱ्याने निरोप आणला की महिन्यातून एकदा मावशींनी पट्टा बघून जावा, पीठ येत राहील.

वहिनी पोत्याला हात लावून उभ्या होत्या. दादाला म्हणाल्या, "आईंनी आज दुसऱ्याला शिकवलं."

"शिकवलं कुठे? मला ओरडली फक्त."

"मी अशीच शिकवते," आई म्हणाली. आम्ही सगळे हसलो.

पण दादाचा निश्चय सुटला नव्हता. म्हणाला, "एक गिरणी. एका गिरणीवर दोन मुली वाढत नाहीत." वहिनींनी वाद घातला नाही. त्या दिवसभर पायी फिरल्या. कुठे कुठे पट्ट्यावर यंत्रं चालतात ते विचारत गेल्या. तेलाचा घाणा, पुलापलीकडची लाकडाची वखार, दोरखंडाचा कारखाना. सगळीकडे सांगितलं, गिरणीवाल्याला विचारा. गिरणीवाला आता स्वतःच आमची पाटी झाला होता.

मुकादम यायच्या आदल्या दिवशी वखारीतून माणूस आला. करवतीचे दोन्ही पट्टे सैल झालेत, उद्या सकाळी या, रोख देऊ.

दादा म्हणाला, "उद्या मला चौकात जायचंय. आईला न्या."

वहिनींचा चेहरा उतरला, पण आवाज तसाच होता. "तुमचे हात तुमचे आहेत. मी सांगायचं ते सांगून झालं. पण आईंना एकटीला एवढा पट्टा ओढवणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे." आणि त्या भांडी घासायला उठल्या.

सकाळी दादा कोट घालून निघाला. मीही गेलो. चौकात रांग होती, ओळखीचीच सगळी माणसं. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सलूनवाला दुकानाच्या दारात हाताची घडी घालून उभा होता. त्याने दादाला बघितलं. तो गप्प राहिलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

दादाची पाळी आली. मुकादम मान वर न करता म्हणाला, "काय काम येतं?"

"पट्टे शिवता येतात. यंत्राचे."

"तिथे पट्टे नाहीत."

"खुर्च्या विणता येतात. गाद्या. साबण. केस कापतो."

मुकादमाने मग वर बघितलं. हसला, वाईट नाही, जरा थकल्यासारखा. "बाबा, तिथे डोंगर आहे आणि फावडं आहे. फावडं लिहू का?"

दादा स्वतःच्या हातांकडे बघत उभा राहिला. त्या क्षणी त्याच्या मनात काय आलं हे त्याने मला पुढेही कधी सांगितलं नाही. मला वाटतं त्याला सासरे दिसले असतील, ज्यांना त्याने कधी पाहिलं नव्हतं. मागचा माणूस म्हणाला, "अरे सांग की, आम्हाला उशीर होतोय."

"मलाही होतोय," दादा म्हणाला. "वखारीत वाट बघत असतील." आणि तो रांगेतून बाहेर पडला.

आई आणि वहिनी पुलावर पोचल्या होत्या. वहिनींच्या खांद्यावर हत्यारांची पिशवी होती आणि आई दोन पावलं पुढे. दादा धापा टाकत मागून गेला. आईने वळून त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कोट काढ आधी," म्हणाली. "कोटात कोणी पट्टा शिवतं का?"

त्याने कोट काढला. वहिनींनी पिशवी त्याला दिली आणि कोट घेतला. कोट दोन्ही हातांनी छातीशी धरून त्या परत निघाल्या, आणि चौकातून जाताना त्यांनी मुकादमाच्या टेबलाकडे बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतर आम्ही श्रीमंत झालो नाही. काही हिवाळे फार कठीण गेले. पण दादा घरून कामाला जात होता आणि घरी येत होता. वखार, घाणा, दोरखंडाचा कारखाना, मग पुढच्या गावांतले. पुढे चामड्याचे पट्टे गेले आणि रबराचे आले, तेव्हा आम्ही ते जोडायला शिकलो. मुकादमाबरोबर गेलेल्यांपैकी बरेच परत आले, काही आले नाहीत. बटणांच्या फाटकाचं कुलूप गंजून पडलं.

वर्षाची बंदी चालूच राहिली, फक्त तिला दुसरी बाजू आली. एक गोष्ट घरी शिकायची आणि एक गोष्ट घरात करणं सोडून गल्लीतल्या कोणाला द्यायची. कोणाला द्यायची हे वहिनी फार विचार करून ठरवायच्या. कोणाचं काम बसलंय, कोणाचा हात रिकामा आहे, ते त्यांना आधी कळायचं. गल्लीत दुसऱ्यांदा मोठी मंदी आली तेव्हा मुकादम पुन्हा आला होता. टेबल टाकून दिवसभर बसला आणि आमच्या गल्लीतून त्याच्याकडे कोणी गेलं नाही. सलूनवाल्याने त्याची फुकट दाढी करून त्याला परत पाठवलं.

आई वखारीच्या त्या सकाळनंतर पाच वर्षांनी वारली, पावसाळ्यात. दादा तिच्यानंतर पुष्कळ वर्षं जगला आणि छातीच्या दुखण्याने गेला. वहिनी गेल्या फेब्रुवारीत, थंडी ओसरत असताना, सकाळच्या वेळी घरीच वारल्या.